सॉकेटमधल्या अक्षता

साधा पाना विकत घ्यायला कोणी दुसऱ्या देशात जातं का? मोहन खांबेटे जातात.

शनिवारची सकाळ. डेट्रॉईटहून कॅनडात जाणाऱ्या पुलावर गाड्यांची ही रांग लागलेली. पुढच्या ट्रकच्या मागच्या दारावरचा प्रत्येक ओरखडा यामिनीला एव्हाना पाठ झाला होता. बाबा मात्र स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून मजेत बसला होता.

"बाबा, आपल्या मेन रोडवर हार्डवेअरचं दुकान आहे. चालत जाता येतं."

"तिथं माल बरोबर नसतो."

"सेम माल असतो! सेम कंपनीचा!"

"तिथं सगळं इंचात. तुला मिलिमीटरवाले पाने पाहिजेत ना? कॅनडात मेट्रिक सिस्टीम आहे."

"अमेरिकेतही मेट्रिक पाने मिळतात. भिंत भरून लावलेले असतात."

"मिळत असतील. पण कॅनडातले वेगळे."

यावर माणसानं बोलायचं तरी काय? वीस वर्षांपूर्वी बाबा पलीकडे विंडसरला मास्टर्स करायला आला होता. पहिल्याच थंडीत त्याची खटारा गाडी बंद पडली आणि तिथल्या दुकानातल्या एका म्हाताऱ्यानं बर्फात उभं राहून त्याला बॅटरीची वायर कसायला शिकवली. पुढं नोकरी अमेरिकेत लागली, घर झालं, ग्रीन कार्ड झालं, पण हत्यारं घ्यायची म्हटली की बाबाला ते एकच दुकान. कुलदैवत असल्यासारखं. एवढं करून बाबाला हत्यारं चालवता येत होती म्हणाल, तर त्यानं आयुष्यात एकदा बॅटरीची वायर कसली होती.

तरी तो आज निघाला होता हेच खूप होतं. जूनपासून बापलेकीत 'मीठ दे' आणि 'टीव्ही बारीक कर' याच्यापुढं बोलणं गेलं नव्हतं. जूनमध्ये यामिनीनं शाळा सोडली. केमिस्ट्रीच्या मास्तरनं भर वर्गात विचारलं, तुम्हा इंडियन लोकांना हे झोपेत येतं ना, मग तुला का येत नाही? हिनं हातातला बीकर टेबलावर आपटला. काचा गोळा करायला लावल्या त्या केल्या, सस्पेन्शन भोगलं, आणि ते संपल्यावर परत गेलीच नाही. ज्या घरात दोन्ही काका इंजिनिअर आणि आतेभाऊ एमआयटीत, तिथं हे म्हणजे देवघरात चप्पल घालून शिरण्यासारखं.

मग सगळा उन्हाळा ती टेलिग्राफ रोडवरच्या डेलच्या गॅरेजबाहेर घिरट्या घालत राहिली. डेल म्हणजे दाढीवाला, कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी हाकललं, मग झाडू दिला, मग कधीमधी टायर काढायला लावले. आणि गेल्या आठवड्यात म्हणाला, सोमवारी सकाळी सातला ये. एक दिवस काम करून दाखव. जमलं तर ठेवतो. पण हत्यारं तुझी तू आणायची. इथल्या गॅरेजांची रीतच तशी. मालक जागा देतो, गाडी उचलायची लिफ्ट देतो, पाने देत नाही. वर म्हणाला, आणि प्रत्येकावर रंगाची खूण कर, नाहीतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्याच्या पेटीत जातील.

हत्यारं नाहीत तर सोमवार नाही, आणि सोमवार नाही तर पुन्हा शाळा. इतकं सरळ होतं. आईनं दोन दिवस बाबाच्या मागं भुणभुण लावली, तेव्हा बाबा तयार झाला. अट एकच, की घ्यायची ती विंडसरलाच.

दुकानात शिरल्या शिरल्या बाबाचा चेहरा असा खुलला की यामिनीला त्याला ओळख दाखवायची लाज वाटली. टायरचा वास, पेंटचा वास, वर टांगलेल्या हॉकीच्या काठ्या. बाबानं आधी वायपर बघितले. मग काच धुवायचं निळं पाणी. मग बर्फ खरवडायचे ब्रश, तेही तीन प्रकारचे, आणि प्रत्येक प्रकार हवेत फिरवून.

"बाबा, ऑक्टोबर आहे."

"बर्फ काय विचारून पडतो?"

शेवटी एकदाचे ते पान्यांच्या रांगेत पोचले, आणि बाबानं एक भलामोठा प्लॅस्टिकचा डबा उचलून छातीशी धरला. "हा बघ! दोनशे पीस!"

"त्यातले दीडशे स्क्रू ड्रायव्हरची टोकं आहेत. मला नकोत."

"असू देत की. कधीतरी लागतात."

"नाही लागत! हे बघ, हे रॅचेट, ही सॉकेट्स, हे पाने. बास. पत्र्याची पेटी. डेलकडे सगळ्यांकडे हेच आहे."

रॅचेट म्हणजे एका बाजूला फिरणारी आणि दुसरीकडे नुसती करकरणारी दांडी. तिच्या चौकोनी टोकावर सॉकेट बसवायचं, म्हणजे जाड स्टीलची छोटी वाटी, ती नटावर चढवायची आणि फिरवायचं. यामिनीनं रॅचेट हातात घेऊन फिरवलं. कर्र कर्र. बारीक दात, आवाज एकसारखा. तिला एकदम शांत वाटलं, पण ते क्षणभरच.

"दोनशे पीस सोडून कोणी अठ्ठावीस पीस घेतं का?" बाबा दुकानातल्या पोऱ्याला इंग्रजीत विचारत होता. "यू टेल हर."

तो बिचारा 'सॉरी' म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"बाबा, काम मी करणार आहे. तू नाही. तुला यातलं काय काय आहे ते तरी सांग. हे काय आहे? सांग ना. हे?"

बाबानं डबा खाली ठेवला. यामिनीला वाटलं, आता हा गाडीत जाऊन बसणार. पण त्यानं तिच्या हातातलं रॅचेट घेतलं, पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचलं आणि त्याचा आवाजच बदलला. "लाइफटाइम गॅरंटी! तुटलं तर कधीही बदलून देतात. मग ठीक आहे. हेच घेऊ."

म्हणजे ती तासभर बोलली ते फुकट, आणि पाकीट एकदा बोललं तर लगेच पटलं. तिनं दात खाल्ले. तिच्या जुन्या गाडीचे ब्रेक पॅड झिजून किंचाळत होते, त्यांची नवी जोडीही घेतली. गाडी चालली नाही तर गॅरेजला जाणार कशी? त्या गावात बस म्हणजे अफवा होती.

परतताना अमेरिकेच्या बाजूला ऑफिसर खिडकीत वाकला. काय घेतलं? हत्यारं. कोणाची?

"माइन," बाबा म्हणाला. "हॉबी."

यामिनी नदीकडे बघत राहिली. खाली एक लांबच लांब मालवाहू बोट चालली होती. बाबानं घरी पोचेपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

घरी आई वाटच बघत होती. आई म्हणजे शैलजा खांबेटे. काउंटीच्या लायब्ररीत नोकरी, सगळं वेळच्या वेळी, आणि सण तर वेळेच्याही आधी. हॉलमध्ये पाट मांडला होता. त्यावर भाजीची सुरी, कात्री, शिलाई मशीनचं झाकण, बाबाचा लॅपटॉप, आणि भोवती नर्सरीतून आणलेले झेंडू.

"बरं झालं आजच आणलीत. खंडेनवमी आहे. आण ती पेटी इकडे."

"आई, मला आत्ता ब्रेक बसवायचेत."

"आज नाही. पूजेतल्या हत्यारांना उद्या पूजा हलवेपर्यंत हात लावायचा नसतो."

"ती अजून पूजेत नाहीत!"

"आत्ता होतील," आई म्हणाली आणि पेटी तिच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, तिला सांग ना काहीतरी."

जो बाबा दर गणपतीला 'हे सगळं मानसिक असतं' म्हणून भाषण ठोकतो, तो बाबा लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

यामिनी पाय आपटत वर गेली आणि दार असं लावलं की जिन्यातला फोटो वाकडा झाला. खाली आईचं पुटपुटणं, ताम्हनात पळीचा आवाज, मग घंटा. ती कानावर उशी घेऊन पडून राहिली. उद्या पूजा हलणार म्हणजे कधी? आईच्या हिशेबानं संध्याकाळी. मग दसऱ्याला चार घरी सोनं द्यायला जाणार, म्हणजे नर्सरीत मिळालेल्या कुठल्याही झाडाची पानं. मग जेवण. मग ब्रेक कधी बसवायचे? आणि ब्रेक बसवताना बोल्ट अडला तर?

आई भाजी आणायला बाहेर पडल्यावर ती खाली आली. पाटावरची पेटी तिनं उघडलीसुद्धा नाही, तशीच उचलली आणि मागच्या दारानं गाडीपाशी नेली. जॅक लावला, चाक काढलं, मग पेटीत न बघताच चाचपडून एक सॉकेट घेतलं आणि रॅचेटवर दाबलं. बसेना. परत दाबलं. टोक अर्धं आत जायचं आणि वाकडं अडायचं. नवीन हत्यार! कॅनडातून आणलेलं! वेगळं म्हणे! सकाळपासूनचं सगळं तिच्या डोक्यात एकदम चढलं, आणि तिनं गॅरेजमधली हातोडी घेऊन त्या सॉकेटवर दोन दणके घातले.

ते बसलं. तिरकं बसलं. आणि मग ना निघेना, ना रॅचेट करकरेना.

तिनं हात बघितला. तळवा लाल होता. आधी वाटलं रक्त. मग पेटीत नीट डोकावली. प्रत्येक सॉकेटमध्ये, लहानात लहान होतं त्यातसुद्धा, हळद, कुंकू, चार अक्षता आणि वर थेंबभर पाणी. सगळं वाळून घट्ट झालेलं.

"आई!"

आई तेवढ्यात गाडी लावत होती. हातातल्या पिशव्या घेऊन तशीच धावत आली. "काय झालं? लागलं का?"

"हे काय केलंस तू? आत का भरलंस?"

"एवढ्या वाट्या होत्या ओळीनं मांडलेल्या," आई म्हणाली, "रिकाम्या कशा ठेवायच्या?"

"त्या वाट्या नाहीत!"

"आणि मी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?"

यावर यामिनी आणखी जोरात ओरडली. शेजारच्या म्हाताऱ्यानं लॉनमोवर बंद करून बघितलं. रात्री आई टेबलाशी बसून एकेक सॉकेट कोमट पाण्यात बुडवून टूथपिकनं साफ करत होती, आणि यामिनी समोर बसून एकेक पुसत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. रॅचेट मात्र तसंच अडकलेलं राहिलं. बाबानं ते उजेडात धरलं, फिरवून बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू एक हसू पसरलं.

"लाइफटाइम गॅरंटी," तो म्हणाला.

"नाही," यामिनी म्हणाली. "प्लीज नाही. मेन रोडवरून दुसरं घेऊन येते मी."

"असलेली गॅरंटी सोडायची? वेड लागलंय का?"

रविवारी सकाळी आईही निघाली, काठाची साडी नेसून. दसरा होता. "सीमोल्लंघन करायचंच असतं आज," बाबा पुलाच्या रांगेत म्हणाला. "आपल्यासारखं खरंखुरं कोण करतं? इंटरनॅशनल!" हा विनोद त्यानं चढावर एकदा केला, मध्यावर एकदा, आणि कॅनडाच्या ऑफिसरला इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला. यामिनीनं स्वेटशर्टची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. घरी गाडी तीन चाकांवर उभी होती. सोमवारची सकाळ धावत जवळ येत होती, आणि हे दोघं सहलीला निघाल्यासारखे.

काउंटरवरच्या बाईनं रॅचेट उलटं केलं. लाल भुकटी काउंटरवर सांडली.

"हे कालच घेतलंत ना? गंजलं कसं?"

"नो नो, नॉट रस्ट!" बाबा सरसावला. "मॅडम, टुडे इज अ व्हेरी बिग फेस्टिव्हल. आमच्याकडे या दिवशी शस्त्रांची..." आणि तो सुरूच झाला. राम, रावण, पांडव, शमीच्या झाडावर लपवलेली शस्त्रं. मागं रांग वाढत होती. एक माणूस टॉयलेटचं झाकण हातात धरून पांडव ऐकत उभा होता.

त्या बाईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग सॉकेटच्या डोक्यावर बोट ठेवलं. "सॉरी, पण हे हातोडीचे मार आहेत. गॅरंटी त्याला लागू होत नाही."

"हातोडी? इम्पॉसिबल! शी इज अ व्हेरी केअरफुल गर्ल."

"अहो, मारली हो तिनं," आई मराठीत म्हणाली. "शेजारच्या काकांनी सांगितलं मला."

"अगं, तू गप्प बस ना जरा!"

"मी कशी गप्प बसू? दसऱ्याच्या दिवशी खोटं?"

ती बाई एकदा बाबाकडे, एकदा आईकडे, एकदा यामिनीकडे बघत होती. यामिनीला तो बीकर आठवला. आत्ता ते रॅचेट उचलून काचेवर फेकलं असतं तर किती बरं वाटलं असतं! हात शिवशिवलासुद्धा. पण मग सोमवारी काय घेऊन जायचं? तिनं हात खिशात कोंबला.

"आय हिट इट," ती म्हणाली. "दोनदा. मला राग आला होता. ते दुरुस्त होईल का एवढंच सांगा. मला उद्या सातला कामावर जायचंय."

बाईनं आतल्या माणसाला हाक मारली. त्यानं रॅचेट चिमट्यात धरलं, तेल सोडलं, एक बारीक खिळा लावून टिक टिक ठोकलं. सॉकेट सुटून घरंगळलं, आणि त्यातून तांदळाचा एक दाणा काउंटरवर पडला. लाल, अख्खा. दोन दणके खाऊनही न मोडलेला.

"राइस?" त्या माणसानं विचारलं.

"बासमती," बाबा म्हणाला.

रॅचेट फिरलं. कर्र कर्र. जरा कोरडं, पण फिरलं. यामिनीनं ते हातात घेतलं आणि पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

पार्किंगमध्ये बाबाचा चेहरा पडलेला. "बदलून नाहीच दिलं. गॅरंटी वाया गेली."

"बाबा, ते चालू झालंय!"

"ते ठीक आहे गं. पण गॅरंटी होती ना."

तेवढ्यात आईनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. पर्समधून! कॅनडात! "पूजा अर्धवट मोडली कालची. एक बोट लावते फक्त."

यामिनीनं तिचं मनगट धरलं. "आत एक कणसुद्धा नाही."

"बरं, वरून लावते."

"वरून लावलंस तर पुसलं जाईल. तेल असतं तिथं. ग्रीस असतं."

"मग काय करू? नुसतं बघत बसू?" आईचा आवाज चढला, आणि चढता चढता कापला. तिनं डबी बंद केली. "शाळा सोडलीस, मी काही बोलले नाही. दिवसभर लिफ्टखाली उभी राहणार, वर कुणाची तरी गाडी टांगलेली. मी दुसरं काय करू शकते तिथं? मला पाना धरता येत नाही."

यामिनी पुढच्या सीटवर जाऊन बसली. पेटी मांडीवर घेतली. गाडी पुलाच्या रांगेत लागली. पुढं पुन्हा ट्रक, पुन्हा दार.

मग ती एकदम मागं वळली. "आई, तुझ्याकडे नेलपॉलिश आहे? लाल?"

"हो. का?"

"डेल म्हणाला होता, प्रत्येकावर रंगाची खूण पाहिजे. नाहीतर लोक घेऊन जातात. नेलपॉलिश तेलानं निघत नाही."

आईनं पर्समधून बाटली काढली. मग यामिनी पुढची सीट सोडून मधल्या फटीतून मागं गेली, गुडघे बाबाच्या कानाला लागले, तो ओरडला, आणि मायलेकी पेटी मध्ये ठेवून बसल्या. यामिनी एकेक सॉकेट पुढं करायची, आई त्याच्या बाहेरच्या बाजूला एक ठिपका द्यायची. हात अगदी स्थिर. देताना ओठ हलत होते.

"आई, मंत्र म्हणतेयस का?"

"वाळायला किती वेळ लागतो ते मोजतेय," आई म्हणाली. ती खोटं बोलत होती, दसऱ्याच्या दिवशी.

"काचा उघडा रे, डोकं उठलं माझं वासानं," बाबा म्हणाला.

अमेरिकेचा ऑफिसर खिडकीत वाकला आणि नाक मुरडून मागं सरला. मागच्या सीटवर काठाची साडी, पेटीभर स्टील, आणि दहा बोटांत दहा सॉकेट अडकवून वाळवत बसलेली मुलगी. "हे काय चाललंय? ही हत्यारं कोणाची?"

यामिनी नदीकडे बघायला लागली. उत्तर तिला माहीत होतं.

"माझ्या मुलीची," बाबा वैतागून म्हणाला, जणू इतकं साधं याला दिसत कसं नाही. "शी वर्क्स इन अ गॅरेज. मेकॅनिक."

यामिनीनं झटकन मान वळवली. एक सॉकेट बोटातून निसटून सीटखाली गेलं.

"अजून लागले कुठे, बाबा? उद्या ट्रायल आहे! उगाच काहीही सांगू नको ना लोकांना!"

"लागशील," बाबा म्हणाला आणि गिअर टाकला. "ते पडलेलं उचल आधी. दहा मिलिमीटरचं असेल, मेकॅनिक लोकांचं तेच पहिलं हरवतं म्हणे."